तीन मोजून उत्तर

कोणतंही गुपित योग्य खबरदारी घेतली तर कायमचं राखता येतं, असं शिवराजचं पक्कं मत होतं. त्याच्या स्वतःच्या घरातलं गुपित मंगळवारी दुपारी आलं आणि शुक्रवारी सकाळी फुटलं.

शिवराज मुकुंदवाडीत राहायचा आणि एका कंपनीचे सर्व्हर सांभाळायचा. प्रोसेसरमधल्या फटी बुजवणं हे त्याचं काम. प्रोसेसर उतावळा असतो. पुढं काय मागतील याचा अंदाज बांधून आधीच काम करून ठेवतो. अंदाज चुकला की केलेलं टाकून देतो, पण त्याच्या खुणा कॅशमध्ये, म्हणजे त्याच्या हाताशी असलेल्या छोट्या साठवणीत, राहतात. चोराला गुपित वाचावं लागतच नाही. कोणतं उत्तर लवकर आलं आणि कोणतं उशिरा, एवढं मोजलं तरी भागतं. उपाय असा, की गुपिताच्या आसपास अंदाज बांधायला बंदी करायची आणि प्रत्येक उत्तराला सारखाच वेळ लावायचा. यंत्र मंदावतं, साहेब कुरकुरतात.

मंगळवारी आईचा, म्हणजे आशाबाईंचा, रिपोर्ट आला. कॅन्सर यकृतभर पसरला होता. डॉक्टर म्हणाले, "दोन-तीन महिने. आता पथ्य नको, खाऊ द्या काय हवं ते." पेशंटला सांगायचं नाही, ही आपल्याकडची रीत.

शिवराजनं बायकोला, विशाखाला, बजावलं. "आई काहीही विचारू दे. मनात तीन मोजायचे, मग बोलायचं. पाणी तापलं का विचारलं तरी तीन."

"आणि रडू आलं तर?"

"तीन मोजून रड. आतल्या खोलीत."

तीन दिवस सगळं घर मंदावलं. रिपोर्टात काय आलं म्हटलं तरी तीन, भाजी काय केली म्हटलं तरी तीन.

"तुमाला दोघांला कमी ऐकू यायलंय का?" आशाबाईंनी विचारलं.

दोघांनी तीन मोजले. "नाही," म्हणाले.

शुक्रवारी आशाबाईंनी चहाचा घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"शिवा, किती दिवस म्हनला डाक्टर?"

शिवराजनं तीन मोजले. मग चार. पाच.

"ऱ्हाऊ दे. अकरा वर्षं झाली मला शुगर हाय. हिनं कधी चमचाभर साखर घालू दिली नाय. मंगळवारपासून न मागता दोन घालायलीय."

विशाखा ओट्याकडं तोंड करून उभी होती. तिनं आकडे चोख मोजले होते. साखरेबद्दल मात्र तिला कुणी बजावलं नव्हतं.

"रडू नको गं. दुसरा कर, बिनसाखरेचा," आशाबाई म्हणाल्या. "ह्यो लई गोड हाय. गिळवत नाय."

विशाखानं तो चहा बेसिनमध्ये ओतला आणि दुसरं आधण ठेवलं.