‘नको’ न म्हणण्याचं प्रशिक्षण

नागपूरहून आलेल्या मिथुन सरांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, की माणसाच्या मेंदूला ‘नाही’ ऐकू येत नाही. “लिंबाचा विचार करू नका,” ते म्हणाले आणि वन कार्यालयाच्या सभागृहात बसलेल्या चाळीस वनरक्षकांच्या तोंडाला पाणी सुटलं. रेंजर साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मग त्या चाळिसांतल्या संघपालनंही वाजवल्या. एप्रिलचं ऊन बाहेर भाजून काढत होतं आणि त्याला पंख्याखालची खुर्ची मिळाली होती. ती त्याला घालवायची नव्हती.

विषयाचं नाव भलतंच भारदस्त होतं: न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रामिंग. त्यानं म्हणे कामातला संवाद सुधारतो. समोरचा जसा बसेल तसं बसायचं, तो मान हलवेल तशी हलवायची. तो म्हणेल त्याला आधी होकार द्यायचा, मग हळूच वळवायचं. आत्मविश्वास हवा असेल तेव्हा बोटांची चिमटी दाबून आयुष्यातला सोन्याचा क्षण आठवायचा. जेवणाच्या रांगेत निम्मे गार्ड चिमटी दाबून उभे होते. तरी भात उशिराच आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी संघपालच्या मोबाइलवर जंगलातल्या कॅमेऱ्याचा फोटो आला. कोसाटोल्याच्या नाल्यावर वाघीण, सोबत दोन पिल्लं. कोसाटोला त्याच्याच बीटमधलं, त्याच्या गस्तीच्या हद्दीतलं गाव. मोहफुलं पडायचे दिवस; अख्खा टोला पहाटे त्याच नाल्याकाठी वाकून फुलं वेचणार.  गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपसाठी संघपालनं घाईघाईनं लिहिलं, ‘नाल्यावर वाघीण आहे. उद्या मोह वेचायला जाऊ नका.’ पाठवण्याआधी नियमाप्रमाणे साहेबांना दाखवलं, आणि चूक झाली ती तिथंच.

“दोन दिवस काय शिकला रे?” साहेब म्हणाले. “हा ‘नका’ काढ आधी.”

“आणि ‘वाघीण’सुद्धा,” मिथुन सर म्हणाले. “त्या शब्दानं भीती मनात रुतून बसते.”

दोघांनी डोकं खाजवून वीस मिनिटांत नवा मजकूर तयार केला: ‘उद्याची सुंदर सकाळ कुटुंबासोबत आनंदात घालवू या! आपले वनमित्र.’ खाली सूर्यफूल.

“साहेब, याच्यात वाघीण कुठी हाय?”

“भावार्थात,” साहेब म्हणाले. “आणि ऐक, गावात कोणी गार्ड नकारार्थी बोलला, तर ते त्याच्या नोकरीच्या गोपनीय अहवालात दिसेल.”

संध्याकाळी प्रात्यक्षिक म्हणून मिथुन सर संघपालला घेऊन कोसाटोल्यात गेले. सोबत व्हिडिओ काढायला एक माणूस. टोल्यातल्या बाया सोमारीबाईच्या शब्दाबाहेर नव्हत्या, म्हणून सर थेट तिच्यासमोर उकिडवे बसले. तिनं गुडघ्यावर हात ठेवला, सरांनीही ठेवला. तिनं पाठ खाजवली, सरांनीही खाजवली. ती जरा सरकून बसली.

“मेसेज आला सायेब तुमचा,” ती म्हणाली. “कुटुंबासंगं म्हून सांगतलं, तं उद्या मोहाले लेकरं बी घेऊन जाऊन राह्यलो.”

तिनं मान हलवली, सरांनी तिच्यासोबत हलवली. आधी होकार द्यायचा होता ना! पुढं वळवायची पाळी येण्याआधीच सरांच्या पायाला मुंग्या आल्या आणि ते लंगडत गाडीत जाऊन बसले. सरकारी माणसानं मान हलवली म्हणजे परवानगीच. पोरं टोपल्या शोधायला धावली.

संघपालच्या ओठांवर ‘वाघीण’ शब्द आला होता. पण व्हिडिओ चालू होता आणि तो साहेबांकडे जाणार होता. तो सरांच्या मागोमाग गाडीत जाऊन बसला. गाडी टोल्याबाहेर पडली तेव्हा त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की समोर बघवेना.

मग त्याला आठवलं. घुग्घुसच्या कोळसाखाणींच्या धुळीत वाढलेला संघपाल नोकरीवर नवा नवा आला, तेव्हा याच सोमारीबाईनं त्याला जंगलाची रीत शिकवली होती. “वाटेत हिरवी फांदी आडवी दिसली का मागं फिरायचं, भाऊ. इचारायचं नाई.” बंदी बोलण्यावर होती, फांदीवर कुणी घातली नव्हती.

पहाटे पाचाच्या आधीच त्यानं नाल्याच्या वाटेवर पळसाची फांदी आडवी टाकली आणि शेजारी उभा राहिला. बाया आल्या, मागं पोरं. फांदी दिसताच सगळी रांग जागच्या जागी थांबली. सोमारीबाईनं एकदा फांदीकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि टोपली खाली ठेवली. संघपालनं पोरं मोजली. अकरा होती. 

उजाडताना साहेबांची जीप आली. आनंदी कुटुंबांचं शूटिंग करायचं होतं.

“हे काय?” साहेब फांदी बघून कडाडले. “रस्ता कोणी अडवला?”

“मी, साहेब,” संघपाल म्हणाला.

“अडथळा म्हणजेच नकार,” मिथुन सर समजुतीच्या सुरात म्हणाले. त्यांनी स्वतः फांदी उचलली आणि ती हातात घेऊनच नाल्याकडे दोन पावलं टाकली.

नाल्याकडून वानरं खॅक-खॅक ओरडली. पाठोपाठ जी गुरगुर आली, ती सगळ्यांना पोटात जाणवली.

“नको! नको!” मिथुन सर किंचाळले. “पुढं येऊ नका! कोणी म्हणजे कोणीच जाऊ नका!” उलट्या पावली मागं येत त्यांनी फांदी होती तिथं आडवी टाकली, वर एक दगड ठेवला आणि संघपालच्या पाठीमागं लपले. साहेबांनी चिमटी इतकी दाबली होती, की नखं पांढरी पडली होती. बाया पोरांना पुढं घालून गुपचूप टोल्याकडे वळल्या.

सोमारीबाईनं टोपली डोक्यावर घेतली आणि जाता जाता मिथुन सरांकडे नीट निरखून पाहिलं.

“बोलता येते की याले,” ती संघपालला म्हणाली. “काल मले वाटलं, बिचारा मुका हाय.”