वर्देच्या घरची कॉफीदाणी

मी कॉफीदाणी बोलतेय. पितळेची आहे, पोट मोठं, चोच लांब. त्रिपोलीच्या तांबट आळीत एका म्हाताऱ्याने मला ठोकून ठोकून आकार दिला आणि बेका खोऱ्यातल्या एका बापाने लेकीच्या लग्नात द्यायला मला विकत घेतलं. ती लेक म्हणजे वर्दे.

रोजची कॉफी छोट्या भांड्यात व्हायची. घर माणसांनी भरलं की मला फळीवरून काढायचे. दुखवट्याला तर मी लागायचेच. दुखवट्याची कॉफी बिनसाखरेची, वेलदोडे घालून पुन्हा पुन्हा उकळलेली. वर्देचा नवरा गेला तेव्हा ती केली होती. मागे दोन मुलगे राहिले. थोरला फारेस, धाकटा नसरी. थोरल्याच्या नावावरून गाव तिला उम्म फारेस म्हणायचं, फारेसची आई.

मग शेजारच्या देशाचं सैन्य आलं. तुमच्या आपसातल्या मारामाऱ्या थांबवायला आलोय, म्हणाले. मारामाऱ्या थांबल्या, हे काही गेले नाहीत. रेडिओवर त्यांना 'भावाचं सैन्य' म्हणत. शेजारची जमीले वर्देला म्हणायची, "कसला भाऊ गं हा? राहायला आला, आणि आता माझ्याच घरात मी त्याला विचारून बसायचं!"

गावाबाहेर फाट्यावर त्यांची चौकी होती. द्राक्षांची एक पेटी उतरवल्याशिवाय गाडी पुढे सोडत नसत. लोकांनी सवय करून घेतली. चौकीवरच्या कॅप्टनचं, मुन्झिरचं, नाव घ्यायचं झालं की आधी उठून रेडिओ मोठा करायचे. मी फळीवरून बघायचे. रेडिओ अचानक मोठा झाला की समजायचं, कुणालातरी नेलंय.

एक दिवस नसरीलाच नेलं. शिपायाने गाडीत डोकावून विचारलं होतं, "हसतोस कशाला रे?" नसरी म्हणाला, "माझं तोंडच असं आहे." तेवढ्यावर त्याला उतरवलं आणि सरहद्दीपलीकडे धाडलं. कुठे, ते कुणी सांगेना.

फारेसचं शेतीच्या औषधांचं दुकान होतं. शांत माणूस, पण भाऊ गेल्यावर गप्प बसला नाही. ज्यांची ज्यांची मुलं नेली होती त्या घरांतून तो फिरला. त्या मुलांच्या आयांना घेऊन शहरात सरकारी कचेरीसमोर उभा राहिला. रेडिओ मोठा न करता कॅप्टनचं नाव घ्यायला लागला.

वर्दे म्हणाली, "हळू बोल रे. एक गेलाय, तू तरी घरात राहा."

"आई, हळू बोलूनच तो गेलाय," फारेस म्हणाला.

भर दुपारी, दुकानाच्या दारात, त्याला गोळ्या घातल्या. वर्दे समोर गच्चीवर कपडे वाळत घालत होती. तिने गाडी पाहिली, गोळी घालणारा पाहिला, आणि मागच्या सीटवर बसलेला कॅप्टन मुन्झिर पाहिला. संध्याकाळच्या आत ती शहरात जाऊन न्यायाधीशाला हे सांगून आली. मग घरी येऊन तिने मला फळीवरून काढलं.

दुखवट्याला अख्खं गाव लोटलं. बाहेरच्या खोलीत पुरुष, आतल्या खोलीत बायका. घरात कर्ता पुरुष उरला नव्हता, म्हणून पुरुषांनाही वर्दे स्वतःच कॉफी ओतत होती. तिसऱ्या दिवशी दाराशी जीप थांबली आणि कॅप्टन मुन्झिर आत आला. इस्त्रीचा गणवेश, हातात टोपी. गावचे पाद्रीबाबा सरकले, त्याला जागा मिळाली.

"देव तुम्हाला धीर देवो, आई," तो म्हणाला. "फारेस मला भावासारखा होता."

आतल्या खोलीतून जमीलेचा आवाज आला, "दिसलंच ते!" कुणीतरी तिच्या तोंडावर हात ठेवला.

वर्देने ओतलं. कॅप्टनने कप घेतला आणि न पिता खाली ठेवला. खोलीतला प्रत्येक माणूस समजला. आमच्याकडे पाहुणा मागणं घेऊन आला की असाच कप खाली ठेवतो. घरच्यांनी कबूल म्हटलं की मग पितो.

"दुःखाच्या भरात शहरात तुमच्या तोंडून एक नाव निघालं," तो म्हणाला. "ते मागे घ्या, आई. मग पितो."

कुणी मान वर केली नाही. वर्दे मला हातात धरून उभी होती. माझी मूठ तापली होती आणि ती फडकं घ्यायला विसरली होती, तरी हात हलला नाही.

"माझंही एक मागणं आहे, साहेब. माझा नसरी जिवंत आहे का?"

"चौकशी करावी लागेल."

"मग करून या. कॉफी गार होईल, मी पुन्हा गरम करीन."

त्याने हातातली टोपी गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "जिवंत आहे."

"तर त्याला घरी पाठवा. तो या दारातून आत आला की मी शहरात जाईन. त्याच्या आधी जाणार नाही."

तो हसला. मग कप उचलून एका घोटात प्यायला आणि गेला. त्या संध्याकाळी वर्देच्या तळव्यावरचे फोड जमीलेने पाहिले. "उम्म फारेस, हे काय गं करून बसलीस?" ती म्हणाली. हातावरून म्हणाली की कॅप्टनशी केलेल्या सौद्यावरून, ते मला कळलं नाही.

द्राक्षं उतरवायच्या दिवसांत एका मालट्रकने नसरीला फाट्यावर सोडलं. पुढचे दात नव्हते, पाय ओढत चालत होता. वर्देने त्याला आंघोळ घातली, मसूर-भाताचा मऊ घास करून भरवला आणि दुसऱ्या दिवशी शहरात गेली. न्यायाधीशाला म्हणाली, "ऊन डोळ्यांवर होतं. मला कुणी नीट दिसलं नव्हतं."

असल्या गोष्टी गावात लपत नाहीत. नसरीला न्हाव्याकडे कळलं. तो घरी येऊन दारातच उभा राहिला.

"माझ्यासाठी तू त्याला सोडलंस, आई? फारेसच्या मारेकऱ्याला?"

"फारेस मातीत होता. तू त्यांच्या हातात होतास," वर्दे म्हणाली. "दोघांतला कोण घरी येऊ शकत होता, तूच सांग."

नसरी तिच्या बाजूने आत निघून गेला. त्यानंतर तो त्याच घरात राहिला, मळ्यात राबला, तिने केलेलं जेवला. पण तिच्याशी बोलला नाही. घरात कॉफीला पाहुणे बोलावणं बंद झालं. मला माळ्यावर टाकलं. कल्हई उडाली, अंगावर हिरवं चढलं. खालून फक्त भांड्यांचे आवाज यायचे. मायलेकांच्या बोलण्याचा आवाज वर्षानुवर्षं आला नाही.

मग एका वसंतात ते सैन्य गेलं. जाताना चौकीच्या खिडक्या आणि नळसुद्धा काढून नेले. जमीले ट्रकमागून ओरडली, "अहो भाऊ, उंबरा राहिला की!" कॅप्टन त्याआधीच बढती घेऊन परत गेला होता.

त्या दिवशी नसरी माळ्यावर चढला. त्याने मला लिंबू-मिठाने घासलं, कल्हई करून आणली आणि आईसमोर ठेवलं.

"आपल्या दोघांपुरती कॉफी कर. मग शहरात जाऊ."

"आता काय उपयोग रे? तो त्याच्या देशात बसलाय."

"उपयोगाचं राहू दे. तू पाहिलंस ते सांग. मी बरोबर येतो."

ते गेले. आल्यावर वर्देनेच जमीलेला सांगितलं, ते मी ऐकलं. नव्या न्यायाधीशाने विचारलं होतं, हे नाव मागे का घेतलं होतंत? तिने नसरीकडे पाहिलं. तेव्हा नसरी म्हणाला, "माझ्यामुळे. तिने मला आणलं." एवढं सांगून वर्दे रडली. मी तिला रडताना पहिल्यांदाच पाहिलं.

खटला काही उभा राहिला नाही. मुन्झिर कधी सापडला नाही. पण घरात बोलणं सुरू झालं.

गेल्या हिवाळ्यात वर्दे गेली. तिच्या दुखवट्याची कॉफी नसरीनेच माझ्यातून ओतली. ज्यांची मुलं अजून आलेली नाहीत त्या बायकाही आल्या होत्या. आता खूप म्हाताऱ्या झाल्यात. कॉफी पिऊन झाली की एकेक जण शालीआडून मुलाचा फोटो काढायची आणि विचारायची, "नसरी बाळा, हा तिकडे कधी दिसला होता का तुला?" हेच त्या दर वर्षी, भेटतील तिथे विचारतात. नसरी दर वेळी फोटो हातात घेतो, उजेडाकडे नेतो, पुन्हा नीट बघतो, आणि मगच नाही म्हणतो.

तुम्ही कधी या बाजूला आलात, तर त्या तुम्हालाही फोटो दाखवतील. तुम्हाला तो मुलगा ओळखू येणार नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. तरी लगेच परत करू नका. थोडा वेळ बघा.