संस्था बंद, नोंद रद्द

दप्तरदारांच्या घरात माणसं दोन, आणि त्यांतलं जास्त बोलणारं माणूस संगणकातून बोलायचं. ते माणूस म्हणजे त्यांची बायको. नाट्यगृहाच्या तिकीटखिडकीवर तिनं एकतीस वर्षं काढली होती, आणि तिच्याकडून दोन शब्द ऐकून घेतल्याशिवाय तिकीट हातात पडत नाही अशी तिची ख्याती होती. लोकही असे, की मुद्दाम तिच्याच रांगेत उभे राहायचे. मग घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव राहील, आवाज राहणार नाही.

ऑपरेशनच्या आधी तीन आठवडे मिळाले. दवाखान्यातल्या वाचाउपचारवाल्या बाईंनी एक प्रोग्रॅम दिला, त्याचं नाव 'बोलकी'. मायक्रोफोनसमोर बसून सोळाशे वाक्यं वाचायची. 'काकूंनी निळी छत्री कपाटामागे ठेवली', असली, जन्मात कुणी न बोललेली वाक्यं. वाचता वाचता तिला हसू फुटायचं, आणि हसली की ते वाक्य पहिल्यापासून. तीन आठवड्यांनी तिचा आवाज गेला आणि संगणकात राहिला. ती टाइप करायची, संगणक बोलायचा. सर्दी झाल्यासारखा थोडा, पण तिचाच. खिडकीतून येणारा, समोरच्याची टोपी उडवणारा.

दोन वर्षांनी कंपनीचं पत्र आलं. 'आमची कंपनी बंद होत आहे. बोलकी आपल्या सध्याच्या संगणकावर चालत राहील. ती पुन्हा बसवता येणार नाही, दुसऱ्या संगणकावर नेता येणार नाही.' दप्तरदारांनी पत्राला भोक पाडलं, फायलीत लावलं, कोपऱ्यात तारीख घातली, आणि त्या दिवसापासून संगणकाला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. त्याच्यावर कुणी पत्ते खेळायचे नाहीत, गाणी लावायची नाहीत. त्याच्या टेबलावर पाण्याचा ग्लास दिसला की ते असे धावायचे, की जणू पडद्यालाच आग लागली आहे.

तरी तो म्हातारा झालाच. सहा वर्षांत त्याची चाल इतकी मंदावली, की बायकोनं 'चहा झालाय' टाइप करावं आणि संगणकानं ते सांगेपर्यंत चहावर साय धरावी. घरात दोघंच होती तोवर ते चालून जात होतं. अडचण होती रविवारची. मुलगी मालवाहू जहाजावर इंजिनखात्यात होती. दर रविवारी सकाळी तिला जहाजावरून फोन करायला दहा मिनिटं मिळायची. तोंड दिसत नसे, नुसता आवाज. मुलीनं विचारावं, "आई, गुडघा कसा आहे?" मग इकडे टकटक, आणि मग वाट. तोवर मुलगी पुढच्या विषयावर गेलेली असायची, आणि मध्येच संगणक म्हणायचा, "तुझ्या बाबांपेक्षा बरा वाकतो." पूर्वी यावर पोरगी खिदळायची. आता म्हणायची, "कोण वाकतं, आई?" उशिरा आलेला विनोद समजावून सांगावा लागतो, आणि समजावून सांगेस्तोवर दहा मिनिटं संपलेली असतात.

परवाच्या रविवारी तर बायकोची चारच वाक्यं झाली. फोन बंद झाल्यावर पाचवं आलं, रिकाम्या खोलीत: "जेवत जा गं वेळेवर." दोघंही संगणकाकडे बघत राहिली. दप्तरदारांनी तेव्हाच ठरवलं, याचा सोक्षमोक्ष लावायचा.

आधी त्यांनी संगणक दुरुस्तीवाल्याला बोलावलं. हा माणूस बोलायला तुसडा आणि कामाला चोख. त्यानं डबा उघडला, कान लावला, आणि म्हणाला, "डिस्क दमलीये, काका. नवी घालू. जुनीवरचं सगळं जसंच्या तसं उतरवून देतो."

"बोलकी चालेल?"

"चालायला पाहिजे."

"पाहिजे नको. चालेल का?"

"शंभर टक्के मी कशाचंच सांगत नाही. पण ही डिस्क अशीच ठेवलीत तर एक दिवस मान टाकेल, हे शंभर टक्के सांगतो."

दप्तरदारांच्या डोळ्यांसमोर पत्र आलं. दुसऱ्या संगणकावर नेता येणार नाही. नव्या डिस्कचा संगणक हा तोच संगणक, की दुसरा? याचं उत्तर पत्रात नव्हतं, आणि विचारायचं ती कंपनी जागेवर नव्हती. त्यांनी दुसरीच गोष्ट काढली. गेले काही महिने पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट उगवत होती: 'आपल्या रजिस्ट्रीत १,१४३ चुका आहेत. मोफत साफ करा. वेग परत मिळवा.'

"ही रजिस्ट्री म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

"संगणकाची नोंदवही समजा. कुठला प्रोग्रॅम कुठे आहे, कुणाचा परवाना आहे, कुणाची काय आवड, सगळं त्यात."

"आणि त्यात जुन्या नोंदी साचतात."

"साचू देत. काही होत नाही त्यानं. त्या चौकटीतल्या सफाईवाल्याच्या नादी लागू नका, काका. वेग एक कणभर वाढत नाही, आणि चुकून भलतंच काही उडालं तर बोंब मारायलाही कुणी नसतं."

दुरुस्तीवाला गेला. त्याचं म्हणणं दप्तरदारांच्या एका कानातून शिरलं आणि दुसऱ्यातून निघून गेलं, आणि त्याला कारण होतं. ज्या माणसानं आयुष्यभर नोंदवह्याच सांभाळल्या, त्याला नोंदवही कशी असते हे कालचा दुरुस्तीवाला शिकवणार? दप्तरदार मोठ्या कचेरीच्या अभिलेखखान्याचे प्रमुख होते. ते तिथे रुजू झाले तेव्हा एक कागद मिळायला तीन दिवस लागत. का? तर मेलेल्या नोंदी. मालक गेलेला, कंपनी बुडालेली, इमारत पडलेली, पण नोंद आपली ठाण मांडून बसलेली. दप्तरदारांनी एकेक रजिस्टर काढलं, एकेक ओळ स्वतः वाचली, आणि लाल शाईनं शेरे मारले. मयत, नोंद रद्द. संस्था बंद, नोंद रद्द. दोन वर्षांत कागद अर्ध्या तासात हातात पडू लागला. त्यांच्या निरोपसमारंभात साहेबांनी याचा दोनदा उल्लेख केला होता, आणि दप्तरदारांनी घरी निदान दोनशे वेळा.

त्यांनी बायकोला सफाईचा बेत सांगितला. तिनं टाइप केलं. दोघांनी वाट पाहिली.

"राहू द्या हो," संगणक म्हणाला. "हळू तर हळू."

"अगं, मुलीशी धड बोलता येत नाही तुला."

पुन्हा टकटक, पुन्हा वाट. एवढ्या वेळात माणसाचं मन बदलतं म्हणतात. दप्तरदारांचं आणखी घट्ट झालं.

"उशिरा का होईना, बोलते ना मी."

"मी डोळे झाकून करणार नाही. ओळ न् ओळ वाचीन."

यावर ती काही टाइप करायला लागली, मग पडद्याकडे पाहून थांबली, आणि तिनं नुसता हात हलवला. त्या हाताचा अर्थ 'करा काय करायचं ते' असा होता. दप्तरदारांनी तो 'करा' एवढाच घेतला. नवरे घेतात तसा.

शनिवारी दुपारी ती दवाखान्यात गळ्याची नळी तपासायला गेली. दप्तरदारांनी चष्मा पुसला, शेजारी कोरा कागद आणि लाल पेन घेतलं, आणि सफाईवाला उघडला. हजार माणसं डोळे मिटून 'सगळं साफ करा' दाबतात. दप्तरदारांनी तसं केलं असतं, तर निदान म्हणायला जागा राहिली असती. त्यांनी तसं केलं नाही. त्यांनी ओळींपुढे आधीच केलेल्या सगळ्या खुणा काढल्या आणि एकेक नोंद वाचायला घेतली.

आधी त्यांनी बोलकीचा बंदोबस्त केला. ज्या ज्या ओळीत बोलकीचं नाव होतं ती ओळ शोधून कागदावर उतरवली. चौदा निघाल्या. त्यांना त्यांनी हात लावला नाही. मग बाकीच्या. छपाईयंत्राची नोंद, ते यंत्र कधीच भंगारात गेलं. रद्द. मुलीनं शाळेत असताना घातलेला चित्रकलेचा प्रोग्रॅम. रद्द. तीन तास झाले. मान अवघडली, पण अंगात जुनी मजा संचारली होती. किती वर्षांनी हाताला काम लागलं होतं!

नऊशेच्या पुढे कुठेतरी एका ओळीत एक नाव आलं. प्रोग्रॅमचं नव्हतं, कंपनीचं होतं. पुढे नुसते आकडे आणि अक्षरं, आणि सफाईवाल्याचा शेरा: 'मालक सापडत नाही'. नाव ओळखीचं वाटलं, म्हणून दप्तरदार उठले, फाइल काढली, पत्र पाहिलं. तीच कंपनी. बंद झाल्याची तारीख त्यांच्याच अक्षरात कोपऱ्यात. इथं दुसरा कुणी असता तर बिचकून पुढे गेला असता. दप्तरदार बिचकले नाहीत, कारण त्यांच्या हातात पुरावा होता. बोलकी वेगळी, तिच्या चौदा नोंदी शाबूत होत्या. कंपनी वेगळी, आणि ती बंद. त्यांनी कागदावर लाल शाईनं लिहिलं, 'संस्था बंद, नोंद रद्द', आणि ओळीवर खूण केली.

शेवटी सफाईवाल्यानं विचारलं, काढलेल्या नोंदींची प्रत ठेवायची का? अभिलेखखान्यात कुणी असं विचारलं असतं तर दप्तरदारांनी त्याला घरी पाठवलं असतं. रद्द केलेल्याची प्रत ठेवायची, तर रद्द कशाला करायचं? त्यांनी 'नाही' दाबलं.

'अभिनंदन! आपल्या संगणकात आता एकही चूक नाही.'

बायको आली तेव्हा ते दारातच उभे होते, परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलासारखे. "बोल," ते म्हणाले. "काहीही बोल."

ती चपला न काढताच बसली आणि तिनं बोलकी उघडली. तिथे खिडकीत दोन ओळी होत्या. 'परवाना सापडला नाही. कृपया कंपनीशी संपर्क साधा.'

तिनं बंद केली, परत उघडली. तेच. दप्तरदारांनी उघडली. तेच. बायकोनं टेबलावरचा कागद ओढून घेतला आणि लाल ओळींवरून बोट फिरवत खाली आली. एका ओळीवर बोट थांबलं. तिनं त्यांच्याकडे पाहिलं. एकतीस वर्षं खिडकीत बसलेल्या त्या बाईकडे अशा वेळी बोलायला काय काय असेल, ते दप्तरदारांना पाठ होतं, आणि त्यातलं एक अक्षर ऐकायला मिळावं म्हणून त्या क्षणी त्यांनी काहीही दिलं असतं.

दुरुस्तीवाला तासाभरात आला. त्यानं त्या दिवशी तुसडेपणा केला नाही, त्यावरूनच दप्तरदार काय ते समजले.

"परवाना कंपनीच्या नावानं ठेवला होता त्यांनी," तो म्हणाला. "त्या आकड्यांशिवाय आवाजाच्या फायली उघडत नाहीत. कुलूप आहे त्यांना."

"त्या फायली आहेत ना पण? सोळाशे वाक्यं?"

"आहेत. सगळ्या आहेत."

"मग?"

"किल्ली नाही, काका. प्रत ठेवली होती का?"

दप्तरदारांनी नकारार्थी मान हलवली. दुरुस्तीवाल्यानं संगणक मागच्या तारखेला नेऊन पाहिला, पण सफाईवाल्यानं जागा मोकळी करताना मागच्या तारखाही झाडून टाकल्या होत्या. त्यानं बंद कंपनीचा नंबर लावला. लागला नाही. संध्याकाळपर्यंत तो खटपट करत राहिला आणि जाताना बायकोकडे बघून म्हणाला, "दुसरा एखादा आवाज घालून देऊ का? तयार मिळतात."

तिनं मान हलवली. नाही.

संगणकाचा वेग तेवढाच राहिला होता. एक कणभर वाढला नव्हता.

रविवारी सकाळी फोन वाजला. बायको टेबलाशी वही घेऊन बसली होती. दप्तरदारांनी फोन मोठ्या आवाजावर टाकला. इंजिनाची घरघर आणि त्यातून मुलगी: "आई! आज लवकर बोल हं, मागच्या वेळी तू मध्येच राहिलीस."

बायकोनं लिहिलं आणि वही त्यांच्यापुढे सरकवली. दप्तरदारांनी वाचलं. त्यांना वाचायची सवय होती ती साहेबांपुढे मजकूर वाचून दाखवायची, एका सुरात, विरामचिन्हांसह. तसंच त्यांनी वाचलं.

"तुझ्या बाबांनी माझी नोंद रद्द केली."

"काय? बाबा, तुम्ही काय बोलताय? आईला बोलू द्या ना."

"अगं, आईच बोलते आहे. म्हणजे ती लिहिते, मी वाचतो. बोलकी..." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. पलीकडे घरघर तेवढी राहिली. दहातली मिनिटं जात राहिली.

"आई," ती शेवटी म्हणाली. "आई, काहीतरी म्हण ना."

बायकोनं वही ओढली. या खेपेला ती बराच वेळ लिहीत होती, खोडत होती, परत लिहीत होती. शेवटी उरली ती एकच ओळ. दप्तरदारांनी ती आधी मनात वाचली आणि मग मोठ्यानं वाचली, जमेल तेवढी मऊ.

"जेवत जा गं वेळेवर."

घरघर. मग मुलीनं विचारलं, "बाबा, हे आई म्हणतेय, की तुम्ही?"

दप्तरदारांनी बायकोकडे पाहिलं. तिनं पेनला टोपण लावलं होतं.