दोघांपुरती चटई

मी एक चटई बोलतेय. दोघांना शेजारी गुडघे टेकता येतील एवढी रुंद. विणणाऱ्या बाईने माझ्या कडा दुहेरी शिवल्या, म्हणून अजून टिकून आहे.

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने लग्न झाल्या झाल्या मला घरी आणलं. त्याचा नियम एकच होता. भांडण झालं की तोंड मिटायचं, चटईवर बसायचं आणि देवासमोर एकमेकांना माफ केल्याशिवाय उठायचं नाही. बायको फणकाऱ्याने पार कडेला बसायची. हा प्रार्थना करता करता एक डोळा किलकिला करून तिच्याकडे बघायचा. मग तिला हसू फुटायचं. भांडणंही तशीच असायची, ओल्या टॉवेलवरची नाहीतर सासूला उलट बोलल्याची. देवाला फारसे कष्ट पडत नसत. मला मात्र स्वतःचा भलताच अभिमान वाटायचा.

पुढे त्यांच्या लेकीचं लग्न झालं आणि एक दिवस ती सुजलेला गाल घेऊन दारात उभी राहिली.

"अहो, हिला आता परत पाठवायचं नाही," आई म्हणाली.

"अगं, आपण काय कमी भांडलो? त्यांनाही सवय लागू दे." बाप अगदी मनापासून बोलत होता. त्याने मला झटकलं, गुंडाळलं आणि लेकीच्या हातात दिलं. "दोघं मिळून बसत जा, बाळ. देव सांभाळून घेईल."

आईला अजून बोलायचं होतं. पण वाद नको म्हणून तो तिला तिथेच फरशीवर प्रार्थनेला घेऊन बसला. उठली तेव्हा ती गप्प झाली होती.

जावई प्रार्थना फार सुंदर करतो. आवाज भरून येतो, डोळे वाहतात. ते रडणं खोटं आहे असं मला कधीच वाटलं नाही. एकदा लेकीने मागचं काढलं, तेव्हा तो म्हणाला, "देवासमोर माफ केलंस ना? मग पुन्हा विषय काढून देवाला खोटं पाडतेस?" त्या दिवशी ती माझ्यावरच कोसळली.

आता ती भांडत नाही. गुडघे टेकताना फक्त एक मनगट जपते.

काल बापाचा फोन आला. "बसता ना गं दोघं?"

"रोज बसतो, बाबा."

"बघ! मी म्हटलं नव्हतं?" तो तिकडे बायकोला सांगत होता. तिचा आवाज काही आला नाही.

मला फाडा, जाळा, पायपुसणं करा, माझी तक्रार नाही. पण कुणीतरी या पोरीला माझ्यावरून उठवा हो. तिने मला आत्ताच अंथरलंय, आणि तो आत हात धुतोय.