मिटलेला डोळा

घड्याळ दुरुस्त करताना एका डोळ्याला भिंग लावायचं आणि दुसरा मिटायचा. घड्याळवालीने वीस वर्षं डावा मिटला, म्हणून तो कधी गेला हेच तिला कळलं नाही. एका दुपारी उजव्यात कचरा गेला. तो चोळताना समोरच्या गिऱ्हाइकाची नुसती सावली उरली, तेव्हा कुठे उलगडा झाला.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की डाव्या डोळ्याच्या पडद्याच्या शिरेत रक्ताची गुठळी अडकली आहे. मग त्यांनी भलतंच विचारलं. कधी पायात गुठळी झाली होती? पोटातलं मूल गेलं होतं? पाय एकदा, मूल दोनदा, असं तिने सांगितलं. रक्त तपासलं, बारा आठवड्यांनी पुन्हा तपासलं. शरीर स्वतःवरच उलटलं होतं आणि नको तिथे रक्त गोठवत होतं. पाय, मुलं, डोळा, सगळ्यांचा चोर एकच. उजवा डोळा वाचवायचा तर रक्त पातळ ठेवायची गोळी आता एक दिवसही चुकवायची नव्हती.

तिला रडू आलं नाही, तळपायाची आग मस्तकात गेली. दोन्ही वेळा सासूबाईंनी खापर तिच्या कामावर फोडलं होतं. वाकून बसून पोट दाबलं म्हणे! दुसऱ्या खेपेनंतर नवऱ्याने तिचं टेबल वर्षभर माळ्यावर टाकलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशी देणारे घरचेच.

घरी येऊन तिने डॉक्टरांची चिठ्ठी नवऱ्यापुढे ठेवली आणि सासूबाईंना ऐकू जाईल असं वाचायला सांगितलं. मुलांच्या ओळीशी तो अडखळला. ती ओळ तिने त्याला दोनदा वाचायला लावली. दोन मुलं, दोनदा.

"मग तेव्हाच कुणी रक्त का नाही तपासलं?" त्याने विचारलं.

"तुमच्याकडे उत्तर तयार होतं ना. मग तपासतंय कोण?"

सासूबाई हळूच म्हणाल्या की आता तरी ते टेबल सोड, उरलेला डोळा जप. त्याला गोळी आहे, टेबलाला कुणी हात लावायचा नाही, असं बजावून ती उठली.

दुसऱ्या दिवशी ती दोघांच्या दुकानात नवऱ्याशेजारी कामाला बसली. उजव्याला भिंग लावलं. डावा मिटायची आता गरज नव्हती. तो तिने उघडा ठेवला, नवऱ्याच्या बाजूला. तिला त्यातून काही धड दिसत नाही हे त्याला ठाऊक होतं, तरी दिवसभर त्याने मान वर केली नाही.