पापणीची रेघ

लॅपटॉप मृणालीला एम.एस्सी.साठी हवा होता, पण जोहे गावाहून पेणच्या दुकानात यायची घाई तिच्या वडिलांना, काळुरामला, जास्त होती. त्याच्या खिशात पेनड्राइव्ह होता आणि त्यात मृणालीने गेल्या वर्षी मोबाईलवर घेतलेला सगुणाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ.

सगुणा मृणालीची आई. तीस वर्षं तिने घरच्या कारखान्यातल्या गणपतींचे डोळे आखले. या पौषात ती गेली. तिने आखलेला एकही डोळा कुठे शिल्लक नव्हता. दर वर्षी सगळे विसर्जनात गेले. साचे आणि रंग काळुरामचे, आखणी तिची. पापणीची रेघ शेवटाला ती कशी उचलायची, ते काही केल्या त्याला साधत नव्हतं. शंभरेक मूर्ती बिनडोळ्यांच्या तशाच उभ्या होत्या.

दुकानदाराने दोन लॅपटॉप पुढे ठेवले. "काका, हा एचडी, हा फुल एचडी."

"फुल म्हंजे सगळा दिसंल ना?"

"यात माशीचे पाय मोजाल!"

"माशीचं ऱ्हाऊ दे. पापणी दाव."

मृणाली हळूच म्हणाली, "आबा, एचडीच्या एका आडव्या ओळीत तेराशे सहासष्ट ठिपके असतात, फुल एचडीत एकोणीसशे वीस. पण ते पडद्याचे. व्हिडिओत जेवढे टिपलेत, त्याहून जास्त तो कुठून आणणार?"

"तू लाव तरी गो."

तिने लावला. एचडीवर सगुणा पाठमोरी बसलेली दिसली, समोर मूर्ती, हातात बारीक ब्रश. काळुराम वाकला. हात पापणीपाशी पोचला आणि रेघेच्या जागी करडे चौकोन दिसले. फुल एचडीवर लावला. तेच चौकोन. मृणालीने चित्र मोठं केलं, तेव्हा तेही मोठे झाले. तिने मोजले. अख्खा डोळा सात चौकोनांचा होता.

"याच्या वरचा फोर के पण आहे," दुकानदार म्हणाला.

"त्यानेही नाही होणार," मृणाली म्हणाली.

काळुराम सरळ झाला. "म्हंजे साचाच भोथा. मग मूर्तीत नाक कुठनं यायचा?" मृणालीकडे वळून तो म्हणाला, "तुजा मोबाईलच जुना व्हता, नाय?"

हो म्हणणं सोपं होतं. घरून निघाल्यापासून तिने ते उत्तर तयार ठेवलं होतं.

"मोबाईल चांगला होता, आबा. क्वालिटी मीच सगळ्यात कमी ठेवली होती. मेमरी भरत आली होती. जागा वाचवली."

"कशाला?"

"पुढच्या वर्षीचं शूटिंग करायला."

काळुरामने बोटाने हवेत एक रेघ ओढली, शेवटाला उचलली आणि बोट तिथेच थांबलं.

"अशी नाय," तो म्हणाला.