पाय आधी

"पाय आधी! अंजू, पाय आधी!"

गुणमाला ओरडली तोवर लेकीचं डोकं सोप्याच्या कडेबाहेर गेलंसुद्धा. झडप घालून तिनं फ्रॉक धरला.

चौऱ्याहत्तरच्या जूनमधला रविवार. सकाळपासून हेच चाललेलं. वर्षाच्या अंजूला पालथी वळवायची, मागं सरकवायची, पाय पायरीला टेकवून दाखवायचा. पोर खदखदून हसायची आणि पुन्हा डोकं पुढं करून झेपावायची. उद्या गुणमाला सांगलीच्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू होणार होती. सासूबाईंचे गुडघे धरलेले, सोप्यावरून अंगणात उतरणाऱ्या पायऱ्या दगडी. पोर नीट उतरायला शिकली तर नोकरी, नाहीतर नाही, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

"मास्तरीणबाई, बी.ए.ची विद्या पोरीवर चालंना व्हय?" अंगणात सायकलची साखळी बसवत तिच्या नवऱ्यानं, धन्यकुमारनं टोमणा मारला.

"तुम्ही गप्प बसा!"

अंजू डोळे चोळू लागली. तरी गुणमालानं तिला पुन्हा कडेला नेलं.

"निजू दे की गं तिला," परातीत कणीक मळणाऱ्या सासूबाई, राजमतीबाई म्हणाल्या.

"आत्या, आत्ता कुठं कळायला लागलंय. झोपली की सगळं विसरेल."

"कणीक मळल्या मळल्या लाटतीस व्हय? मुरू देतीस न्हवं? तसंच हाय ह्ये. शिकल्यालं निजंत मुरतंय."

"आई, हिच्या पोळ्या बघून तसं वाटत न्हाई," अंगणातून धन्यकुमार म्हणाला.

सासूबाई हसल्या. मग गुणमालाही.

अंजू झोळीत निजली. गुणमाला मात्र शेजारीच बसून राहिली. झोपेत पोरीच्या कपाळाला आठी पडली, तळपाय हलला, काही चाचपल्यासारखा. डास असेल, असं ती स्वतःला म्हणाली.

उन्हं कलली. जैनांच्या रीतीप्रमाणं मावळतीच्या आत जेवणं उरकायची म्हणून पानं मांडली जात होती. झोळीतून काढल्या काढल्या अंजू रांगत थेट सोप्याच्या कडेला गेली. गुणमाला धावणार, तोच सासूबाईंनी तिचा पदर धरला.

"थांब जरा."

पोरीनं खाली बघितलं. पाठ फिरवली. बूड वर करून एक पाय मागं सोडला. पायरी सापडेना. पाय वर घेतला, पुन्हा सोडला. टेकला.

"आयला! उतरली की गं!" धन्यकुमार उडालाच.

दुसरी पायरी. तिसरी. गुणमाला बाजूनं धावत खाली आली, अंगणात उकिडवी बसली आणि तिनं दोन्ही हात पसरले.

अंजूनं त्या हातांकडं बघितलं, गोड हसली, आणि वळसा घालून फाटकाकडं निघाली.

गुणमालाचे डोळे भरले होते, ती हसतही होती. हात मात्र तसेच पसरलेले राहिले.